डोलकाठीखालचा रुपया

ते २००२ साल. जानेवारी सरत आला होता. आमच्या इतिहास मंडळाचं संग्रहालय म्हणजे गाडीतळाजवळच्या एका जुन्या वखारीतल्या दोन खोल्या. एकीत नाणी, जात्याच्या तळ्या, गंजलेल्या तलवारी. दुसरीत छायाचित्रं आणि वाळवीने खाल्लेली कपाटं. एरवी तिथे कोणी फिरकत नसे. पण सव्वीस जानेवारीला धरून आम्ही आठवडाभर दारं सताड उघडी ठेवत असू. तिकीट नाही, कोणीही यावं, घरातली जुनी वस्तू घेऊन यावी, तिच्याबद्दल चार शब्द बोलावेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या आठवड्याची बरीचशी कामं माझ्याकडे आली होती.

त्या वर्षीचा विषय होता 'गलबतांचे दिवस'. विषय मीच सुचवला होता. भाट्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हाची गलबतं मला आठवतात. मंगळुरी कौलं घेऊन ती आत यायची. काठावर बायका ओळीने उभ्या राहून हातोहात कौलं उतरवायच्या. लाकडाला चोपडलेल्या मुशी माशाच्या तेलाचा वास पार आमच्या आळीपर्यंत यायचा, आणि माझी आई नाकाला पदर लावून म्हणायची, "आली वाटतं कर्लेकरांची स्वारी." इंजिनं आली, ट्रक आले, आणि ती गलबतं बघता बघता संपली. त्यांचं काहीच कुठे राहिलं नाही याची मला रुखरुख होती.

म्हणून पावसच्या पुढच्या एका वाडीतून लवू आपल्या पुतण्याच्या टेम्पोत तो सागाचा ठोकळा घेऊन आला तेव्हा आम्हा सगळ्यांना हर्ष झाला. लवू पन्नाशी उलटलेला, आंब्याच्या बागेत राबून वाळलेला माणूस. त्याने आणलेला ठोकळा म्हणजे गलबताच्या तळाशी डोलकाठी ज्यात रोवतात ते बूड. चांगला पुरुषभर लांब, मध्ये चौकोनी खाच. कितीतरी वर्षं त्यांच्या बागेच्या फाटकाचा खांब त्या खाचेत उभा होता. आता लोखंडी फाटक बसवलं म्हणून ठोकळा मोकळा झाला होता.

आमचे चिटणीस ओगले वकील नाण्यांचे वेडे. त्यांनी खाचेत बॅटरी मारून पाहिलं आणि तिथेच टाळी वाजवली. खाचेच्या तळाशी अंगठ्याएवढं भोक होतं, लाकडी गुडदीने आणि चंद्रुसाच्या राळेने बंद केलेलं. डोलकाठी उभी करताना नाखव्याच्या घरची बाई तिच्याखाली चांदीचा रुपया ठेवते, ही रीत आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक. नाखवा हिंदू असो की मुसलमान, रुपया ठेवल्याशिवाय काठी उभी राहत नसे. दर्याला त्याचं देणं आधीच देऊन ठेवायचं, म्हणजे तो पुढे माणूस मागत नाही, असं म्हणत.

"गुडदी आत्ता काढायची नाही," ओगले वकील म्हणाले. "रविवारी संध्याकाळी, सगळ्यांसमोर! राणी निघते की राजा, लोकांनी आधी सांगायचं. बरोबर सांगेल त्याला बक्षीस. नाण्यावरून गलबताचं वय कळेल. पेपरात देतो मी."

पेपरात आलं. आणि मी खाडीकाठच्या कर्ल्याला साबेराकडे निरोप धाडला.

साबेरा माझ्याच वयाची. माझी पोलकी ती शिवायची, मुलींच्या शाळेचे गणवेशही तिच्याकडे असायचे. तिचा नवरा यासीन नाखवा. 'रहमत' हे त्याचं गलबत, कर्ल्याच्या काठावरच बांधलेलं. एकोणसत्तर साली दिवाळीनंतर मंगळूरहून कौलं भरून निघालं ते परत आलं नाही. बरोबर पाच खलाशी होते. त्या आठवड्यात समुद्रात वादळ होतं, त्यामुळे पहिले काही महिने सगळे बुडाले म्हणूनच धरून चालले होते. मग गावातला एकजण आखातातून सुट्टीवर आला आणि मशिदीबाहेर म्हणाला, "यासीन नाखवा दुबईच्या खाडीवर दिसला. गलबत विकलान. निकाह पण केलान."

ते दिवस सोन्याच्या चोरट्या व्यापाराचे होते. गलबत आणि दुबई एवढे दोनच शब्द लोकांना पुरले. साबेरा टाकलेली बाई ठरली. तिची मुलगी हुदा हिचं जमलेलं लग्न 'बाप सोनं घेऊन पळाला' म्हणून मोडलं. मुलगा अस्लम दोहाला गेला. सुट्टी मिळाली की दुबईला जाऊन खाडीवरच्या म्हाताऱ्या खलाशांना विचारायचा. बाप सापडला तर दोन थोबाडीत द्यायच्या आहेत, असं तो उघड म्हणायचा.

साबेरा मात्र एकच म्हणायची. पोलक्याचं माप घेताना, तोंडातल्या टाचण्या काढून, इतक्या वर्षांत मी ते किती वेळा ऐकलं असेल. "मेला तर मेला म्हणा. गेला तर गेला म्हणा. पण कोनी तरी खरा काय ता सांगा ओ बाई. मना ना घोवाची म्हनता येत, ना रांडकी."

मी तिला बोलावलं ते गलबत बांधताना बायका काय काय करायच्या, ते सांगायला. एवढंच माझ्या मनात होतं. ती रविवारी अस्लमबरोबर आली. तो सुट्टीवर आला होता, चाळिशीला टेकलेला, अंगाने दणकट, कपाळावर कायमची आठी.

वखार भरून गेली होती. जाजम अंथरलं होतं, चपला सगळ्यांनी ओसरीवर काढल्या होत्या. लवू पहिल्या रांगेत बसला होता. त्याला शाल आणि नारळ दिला होता. नारळ मांडीवर धरून तो लाजत होता. पुतण्या मागून म्हणाला, "काका, आता निवडणुकीला उभा ऱ्हा." लोक हसले.

साबेराला मी ठोकळ्याजवळ नेलं. ती आधी नुसतीच बघत राहिली. मग वाकली आणि ठोकळ्याच्या एका कडेवरून हात फिरवला. तिथे सुताराने तीन आडव्या रेघा आणि एक चंद्रकोर कोरली होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हा कुटं गावला?"

"पावसकडे. का ग?"

"ही आमच्या रहमतची खूण."

"अगं, एका सुताराने कितीतरी गलबतं बांधली असतील. सगळ्यांवर हीच खूण असणार."

"असंल." तिने माझं मनगट धरलं. माझ्या कानाशी तोंड आणून तिने जे सांगितलं ते तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. डोलकाठी उभी करायच्या दिवशी सासूने तिच्या हातात रुपया दिला. काठावरून फळीवर चढताना तो निसटला आणि खाडीच्या चिखलात गेला. वर सगळे थांबले होते. सुतार, सासू, नवरा, मौलवी. तिची बोलायची छाती झाली नाही. शिवण टाकून आली होती, बोटाच्या टोकावर पितळेचं अंगुस्तान तसंच होतं. तिने ते काढलं, पदराआड मूठ झाकून भोकात सारलं आणि म्हणाली, ठेवला.

"आत रुपया निघाला तर ता दुसऱ्या कुनाचा. अंगुस्तान निघाला तर माजा."

मी ओगले वकिलांना थांबवायला हवं का, असा विचार करेपर्यंत त्यांनी बोलायला सुरुवातही केली होती.

"हं, बोला मंडळी! राणी का राजा?"

"राणी!" "पंचम जॉर्ज!" मागून कोणी ओरडलं, "वकील, तुमच्या फीचा रुपया असंल तो, सोडवून घ्या!" हशा पिकला. ओगले वकिलांनी पटाशीने गुडदी उकरली. चंद्रुसाचे काळे कपचे निघाले. चिमट्याने त्यांनी आतली वस्तू ओढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि चष्मा कपाळावर चढवून दिव्याखाली धरली.

"अरेच्चा! ही तर शिंप्याच्या बोटाची टोपी! नाखवा फावल्या वेळात शिवणकाम करीत होता वाटतं."

सगळी वखार हसली. लवूसुद्धा. त्या हसण्यातच साबेरा पुढे गेली आणि तिने हात पसरला. का कोण जाणे, ओगले वकिलांनी ते अंगुस्तान मुकाट्याने तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते बोटात घालून पाहिलं. सांध्याशी अडकलं. बोटं आता सुजलेली होती.

"माजा हाय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या रांगांपर्यंत पोचला. "ह्यो आमच्या रहमतचा ठोकळा. माजा घोव नाखवा होता त्याच्यावर."

मग ती लवूकडे वळली. "भाऊ, तुमाला ह्यो कदी गावला?"

लवूच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "लय जुनी गोष्ट, बाय. आमच्या बापसाला गावलान. दर्यावर वाहून आलेला. आमच्याकडं रीत हाय, लाकडावर पयला दगड ठेवील त्याचा लाकूड. बापसानं दगड ठेवलान."

"कंच्या साली?"

लवूने नारळ मांडीवरून उचलून बाजूला ठेवला.

अस्लम पुढे आला. "मा, चल घरी. लाकूड आला म्हणून काय झाला? गलबत विकलान असेल. घेणाऱ्याने बुडवलान असेल. तो बसलाय मजेत तिकडे."

"विकला नाय," लवू म्हणाला. मान खालीच होती. "विकला नाय रे झिला. त्यात…" आणि तो मध्येच थांबला. त्याची नजर जाजमावर उभ्या असलेल्या अस्लमच्या उघड्या पायांवर खिळली होती. अस्लमच्या उजव्या पायाची मधली दोन बोटं जन्मापासून जुळलेली आहेत.

"बाय," लवू उठला, "जरा भायेर येतेस? हितं नको."

आम्ही चौघं ओसरीवर गेलो. आत ओगले वकील पुढचं भाषण सुरू करायची खटपट करत होते, पण कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. दारात माणसं दाटली होती. लवूने जे सांगितलं ते त्यांनीही ऐकलं.

"दोन मानसां आलीवती. वादळानंतर. तोंडां ऱ्हायली नव्हती. मी तवा इशीचा व्हतो. बापूस बोलला, पोलिसाकडं गेलास तर पयला इचारतील सोना कुटं लपवलास. आदल्याच वर्साला शेजारच्या वाडीतल्या एकाला त्यापायी मारमार मारला व्हता. मग आमी दोघांनी रातीच खड्डा खनला, सुरूच्या बनात. बापसानं खांदं धरलान, मी पाय धरलं." त्याने अस्लमकडे पाहिलं नाही. "उजव्या पायाची दोन बोटां अशीच जुळलेली व्हती. मी इसरलो नाय कदी."

अस्लम ओसरीच्या कठड्यावर बसला. खाली बसताना त्याने पाय आत ओढून घेतला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

साबेरा रडली नाही. तिने विचारलं, "नमाज कोन पढला?"

"कोन पढनार, बाय? आमाला म्हायतीच नव्हता मुसलमान का कोन. आमच्या आयेनं पनती लावलीन."

"मना जागा दाखव."

"जागा नाय ऱ्हायली. सुरूचा बन दर्यानं खाल्लान. पंधरा-ईस वर्सां झाली."

"तीस वरसां," साबेरा म्हणाली. "कर्ल्याहून पावस किती लांब ओ बाई? मी तुमच्या पावसला लग्नाची पोलकी शिवून दिलीत भाऊ. तुमच्याच वाडीत आलेली मी."

लवू खाली बसला, परत उभा राहिला. शेवटी शाल तिथेच टाकून पुतण्याच्या टेम्पोत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या किनाऱ्यावर गेलो. लवू होता. त्याने बोट दाखवलं तिथे गुडघाभर पाणी होतं. अस्लमने तोंड पश्चिमेला केलं आणि एकटाच नमाज पढला. ज्याला थोबाडीत द्यायची म्हणून त्याने अर्धं आयुष्य शोधलं, त्याच्यासाठी. साबेरा वाळूत बसून होती. परतताना ती मला म्हणाली, "तो गेला नवता ओ, बाई. माज्याकडंच येत होता." तेवढं एक वाक्य बोलताना तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, चला, आता तरी ही बाई मान वर करून जगेल.

मी किती भोळी होते.

पहिला धक्का मौलवींकडून आला. तिला इद्दत पाळायची होती. इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरात बसून काढायचे सुतकाचे महिने. मौलवी सज्जन होते, त्यांनी किताब उघडून दाखवला. इद्दत मोजायची ती माणूस मरतो त्या दिवसापासून, बातमी कळते त्या दिवसापासून नव्हे. "तुमची इद्दत सत्तर सालीच पुरी झाली, साबेराबी. आता काही बाकी नाही." साबेरा मला म्हणाली, "तेवा मी हातभर हिरव्या बांगड्या घालून दारात उभी होते. तीच माजी इद्दत म्हनं."

पण ते तिने सोसलं असतं. जे सोसलं नाही ते पुढे आलं. दारात दाटलेल्या माणसांनी फक्त लवूचं बोलणं ऐकलं नव्हतं. ठोकळ्यातून रुपयाऐवजी काय निघालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते कोणाचं, हे साबेराने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. दोन दिवसांत ती गोष्ट कर्ल्यात, राजिवड्यात, भाट्यात पोचली.

बुडालेल्या पाच खलाशांपैकी चौघांच्या बायका हयात होत्या. तिघी कर्ल्यातल्या. चौथी भाट्याची हौसा. तिने बारा वर्षं वाट पाहून नवऱ्याचा दर्भाचा पुतळा जाळला होता आणि मगच कपाळ पुसलं होतं. त्या चौघी एका दुपारी साबेराच्या अंगणात आल्या. मी आत बसले होते. मला वाटलं भेटायला आल्या असतील. साबेरालाही तसंच वाटलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली.

हौसाने तांब्या घेतला नाही. "साबेरा, मना एकच सांग. तू पितळ घातलंस?"

"हौसा, रुपया चिखलात पडला माज्या हातून…"

"पडला तर दुसरा मागायचास. माजी नथ दिली असती मी काडून. तू पितळ घातलंस का नाय, तेवडा सांग."

"व्हय."

"आनि गप ऱ्हायलीस."

"व्हय."

"दर्याला पितळ दिलंस," हौसा म्हणाली, "आनि त्यानं आमची मानसां घेतलान. तुज्या एका अंगुस्तानापायी."

मी बाहेर येऊन बोलू लागले. वादळाचं बोलले, त्या वर्षी आणखीही गलबतं बुडाली असतील, त्यांच्या काठीखाली रुपयेच असतील, असं सगळं शाळेत सांगावं तसं सांगितलं. हौसाने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमचा कोन दर्यावर गेलाय काय?"

त्या गेल्या. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. साबेरा तांब्या धरून तशीच उभी होती.

अस्लम तिला समजवायचा. "मा, रुपया असता तरी वादळ यायचाच होता." ती मान हलवायची आणि म्हणायची, "असंल रे. पन मी दिला तर नाय ना." नवरा टाकून गेला असं समजून तिने तीस वर्षं काढली, तेव्हा ती शिवत होती, हसत होती, सासवांच्या नकला करत होती. नवरा तिच्याकडेच येत होता हे कळल्यावर तिने शिवणयंत्र झाकून ठेवलं ते ठेवलंच. माझं शेवटचं पोलकं बाहीविना तिच्याकडून परत आलं.

पुढच्या जानेवारीत संग्रहालयाची दारं उघडली तेव्हा फारसं कोणी आलं नाही. ओगले वकिलांनी तो ठोकळा मागच्या खोलीत पोत्याखाली ठेवला होता. मंडळ आणखी चार वर्षं चाललं. वखारीच्या मालकाने जागा मागितली तेव्हा वस्तू कोणी कोणी नेल्या. ठोकळा न्यायला कोणी तयार नव्हतं. तो वखार पाडणाऱ्यांनी सरपणात घातला. ओगले वकील त्याच साली मुलाकडे ठाण्याला गेले आणि तिथेच वारले.

लवूने बाग पुतण्याला देऊन टाकली. तो दर अमावास्येला त्या किनाऱ्यावर पणती लावतो असं लोक सांगत. दोन हजार सहाच्या पावसाळ्यात काविळीने गेला.

साबेरा २००४ साली रमजानच्या आधी वारली. आजार असा काही नव्हता. जेवण तुटलं होतं. तिच्या मयतीला त्या तीन कर्लेकर बायकांपैकी एकही आली नाही. हुदाचं लग्न उशिरा खेडला एका बिजवराशी झालं होतं. ती आली, तिसऱ्या दिवशी गेली, त्यानंतर कर्ल्याला परतली नाही. अस्लम अजून दोहाला आहे. त्याला उशिरा मुलगा झाला, त्याचं नाव त्याने यासीन ठेवलं. दर वर्षी सुट्टीवर आला की मला भेटून जातो. पाण्याजवळ मात्र तो मुलाला नेत नाही.

हौसा आता सत्तरीच्या पुढे आहे. मच्छीमार्केटच्या तोंडाशी सुकटी विकते. मी तिच्याकडून घेते, ती चांगली मोजून देते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. एकदा मी साबेराचं नाव काढलं. तिने सुकटीवरचं फडकं सारखं केलं आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुला काय देऊ?"